खुलासा : ‘मेंदू आकसलाय’ म्हणजे अल्झायमरच, असं नाही
‘एमआरआयच्या रिपोर्टमध्ये मेंदू आकसल्याचं लिहिलं असेल तर तो अल्झायमरच’ असा मेसेज फिरतोय. ते चूक आहे. वयानुसार मेंदू आकसतोच. त्याच माणसांचे वर्षानुवर्षं स्कॅन काढून केलेल्या अभ्यासांत निरोगी वृद्धांमध्येही वर्षाला साधारण ०.५ टक्के घट दिसते. अल्झायमरमध्ये ती २ टक्क्यांच्या आसपास जाते, आणि नव्या आठवणी घडवणारा मेंदूचा भाग, म्हणजे हिप्पोकॅम्पस, त्याहून भराभर झिजतो. म्हणजे बघायचा असतो तो वेग. त्यासाठी वर्षभराच्या अंतराने काढलेले दोन स्कॅन ताडून बघतात, तेही शक्यतो एकाच मशीनवरचे. (अंगात पाणी कमी असलं तरी मेंदूच्या आकारमानाचा आकडा हलतो!) निदानाला स्मरणशक्तीच्या चाचण्याही लागतात. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हे टाका.