जीर्णोद्धाराच्या नकाशात देवराई कुठे आहे?

यंदा शिमग्याला गावी गेलो होतो. पालखी बाहेर पडायला अवकाश होता, म्हणून देवळाच्या मागच्या बाजूने देवराईत, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानात शिरलो आणि जागच्या जागी थांबलो. दोघांच्या कवेत न मावणारा बेहड्याचा जुना वृक्ष तिथे नव्हता. जमिनीलगत कापलेला बुंधा होता, त्यावर सिमेंटच्या गोण्या रचल्या होत्या आणि चार पावलांवर नव्या सभामंडपाचे खांब उभे होते. जीर्णोद्धाराची वर्गणी मीही भरली होती. नकाशा मात्र मागून घेऊन पाहिला नव्हता. ती चूक माझी आहे आणि मुंबई-पुण्यात राहून गावच्या देवळाला पैसे पाठवणाऱ्या माझ्यासारख्या अनेकांची आहे, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

देवाची संमती विचारली होती का, हे कळावे म्हणून मी गुरवकाकांना विचारले, "कौल घेतला होता का?" ते म्हणाले, "देवळाचा घेतला. झाडांचा कोणी विचारलाच नाही."

त्या उत्तरात देवराईची सगळी व्यवस्था आणि तिचा आजचा ऱ्हास, दोन्ही आहेत. आमच्याकडे देवराईतून वाळलेले लाकूड उचलायचे झाले, तरी मानकरी आणि गावकरी एकत्र बसत, गाऱ्हाणे घातले जाई, मूर्तीला कौल लावला जाई आणि उजवा कौल मिळाल्यावरच पुढची गोष्ट होई. डावा कौल आला की विषय संपला. यामागच्या श्रद्धेवर कोणाचा विश्वास असो वा नसो, या पद्धतीमुळे एकट्यादुकट्याला कुऱ्हाड चालवता येत नसे, निर्णय सगळ्यांसमोर होई आणि घाई होत नसे. पूर्वजांना जैवविविधता हा शब्द ठाऊक होता असा दावा मी करणार नाही. त्यांना देवाचा धाक होता. पण त्या धाकातून जे नियम झाले, त्यांनी जंगल राखले, हे नाकारता येत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यात हे राखणे किती मोलाचे आहे, हे इथल्या जमिनीची मालकी पाहिली की कळते. वनखात्याच्या ताब्यातले क्षेत्र इथे अगदी थोडे आहे. बहुतेक जंगल खाजगी आहे आणि ते काही वर्षांच्या अंतराने लाकूडतोडीला दिले जाते. झाड जाडजूड होण्याआधीच तुटते. मोठ्या धनेश पक्ष्याला घरट्यासाठी लागते ती ढोली जुन्या, रुंद बुंध्यातच तयार होते. मादी त्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते आणि तीन-चार महिने नर तिला त्या फटीतून उंबर-वडाची फळे भरवतो. असे बुंधे आता प्रामुख्याने देवरायांतच उरले आहेत. धनेश फळे खाऊन बिया दूरवर टाकतो, म्हणजे देवराईतला एक बेहडा गेला की आसपासच्या डोंगरांवर उगवू शकणारी झाडेही कमी होतात. आमच्या बेहड्यावर ढोली होती. लहानपणी आम्हाला तिच्याकडे बोट दाखवू देत नसत.

परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया गावोगाव हिंडून पाहिल्या आणि 1976 साली पश्चिम घाटातल्या देवरायांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यानंतर राज्यात अडीच हजारांहून अधिक देवरायांची नोंद झाली आहे. त्यांतल्या कित्येक एक-दोन एकरांच्याही नाहीत; पण आकार पाहून त्यांची किंमत करणे चुकीचे आहे. आंबोलीला हिरण्यकेशी नदीच्या उगमाजवळच्या कुंडात सापडलेला मासा विज्ञानाला नवा होता. 2020 साली त्याला हिरण्यकेशीचेच नाव मिळाले आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाली. देवाच्या पाण्यात गळ टाकायचा नाही, एवढ्या एका नियमाच्या आश्रयाने तो मासा नाव मिळण्याआधीच टिकून राहिला, असे मला मनापासून वाटते. दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे इथल्या देवराईत रानजायफळाची दलदल आहे, चिखलातून वर आलेल्या आधारमुळांवर ती झाडे उभी असतात. महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहातले महसीर मासे देवीचे म्हणून कोणी मारत नाही.

या परंपरेत सगळेच चांगले होते असे नाही. काही देवरायांत बायकांना प्रवेश नाही, काही ठिकाणी जातीवरून माणसे बाहेर ठेवली गेली. ते सोडलेच पाहिजे. पण ते सोडताना झाडांचा नियमही सोडायचा आणि सभामंडप, स्लॅब, पेव्हर ब्लॉक यांना मात्र धर्मकार्य म्हणायचे, हे मला अजिबात पटत नाही. कित्येक गावांत तर जीर्णोद्धाराचा खर्च देवराईतली झाडे विकूनच भागवला जातो. काळकाई काय, वाघजाई काय, या रानातल्याच देवता. त्यांच्या माथ्यावरचे छत आधी झाडांचे होते.

कायद्याचा आधार आज उपलब्ध आहे. सर्वोच्च न्यायालयाने 18 डिसेंबर 2024 रोजी राजस्थानातल्या ओरणांच्या, म्हणजे तिकडच्या देवरायांच्या, प्रकरणात निकाल देताना तिथल्या देववनांचे सर्वेक्षण करून नकाशे तयार करण्याचे आदेश दिले आणि देशभरातल्या देववनांसाठी धोरण आखावे अशी शिफारस केंद्राला केली. जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. मात्र देवराईला कुंपण घालून ती कोणत्या तरी खात्याकडे सोपवावी, असे मला वाटत नाही. जिथे गावकीचा हक्क सुटला, तिथे राखणही सुटली.

येत्या गणपतीत आमच्याकडे बैठक आहे आणि देवळाभोवती पेव्हर ब्लॉक बसवण्याचा विषय तिथे येणार आहे. मी दोन गोष्टी मांडणार आहे. उरलेल्या सातविणी, सुरंगी, उंबर आणि झऱ्याकाठचे आंबे मोजून त्यांची यादी नोंदवहीत आणि देवस्थानच्या दप्तरात लावावी. आणि यापुढे एकही फांदी उतरवण्याआधी त्या झाडाचा वेगळा कौल लावावा, सर्वांसमोर. गुरवकाका तयार आहेत.