पेच सुटतो, कोंडी फुटते

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला, तरी महाराष्ट्रातला जुना वाद काही मिटलेला नाही: इंग्रजी शब्द हाकलायचे की राहू द्यायचे? परदेशातल्या मराठी घरांत कान दिला तर दुखणं वेगळंच दिसतं. ‘प्रॉब्लेम’ परका म्हणून त्याच्यावर राग कशाला? ‘पेच’ तरी कुठे घरचा? फारसीतून आला आणि पतंगापासून कुस्तीच्या डावपेचांपर्यंत रुळला. ‘प्रॉब्लेम’ मात्र एकटा आला आणि दहा जणांच्या जागा अडवून बसला.

समजा, पासपोर्ट व्हिसासाठी वकिलातीत पडून आहे आणि रात्री फोन येतो की वडिलांना हार्ट अटॅक आलाय. वडिलांचं आजारपण हे संकट. पासपोर्ट हाताशी नाही, ही अडचण. अर्ज मागे घेऊन निघावं तर व्हिसा हुकतो, थांबावं तर वडिलांची भेट हुकेल, हा पेच. आयत्या वेळच्या तिकिटाला पैसे कमी पडतात, ती नड. आणि ‘सोमवारचं प्रेझेंटेशन मीच देतो’ असं कालच साहेबाला सांगून बसलेलं असलं, तर ती पंचाईत. एवढ्या सगळ्याला आता एकच वाक्य पुरतं: मोठा प्रॉब्लेम झालाय.

परदेशातल्या शनिवार-रविवारच्या मराठी शाळांत समानार्थी शब्दांच्या याद्या देतात: संकट = अडचण = आपत्ती. घोळ त्या बरोबरच्या चिन्हातच आहे. शब्दाची खरी ओळख क्रियापदाने पटते, त्यातही शेवटच्या क्रियापदाने. संकट कोसळतं नि टळतं. पेच पडतो नि सुटतो. कोंडी होते नि फुटते. नड पडते नि भागते. पंचाईत मात्र होते तेवढी; पुढे कसं निस्तरायचं ते ज्याचं त्यानं पाहावं! ‘नड फुटली’, ‘कोंडी भागली’ हे मराठी कानाला लगेच खटकतं. यादीवर वाढलेल्या मुलाला खटकत नाही, कारण त्याला शब्द क्रियापदाविना मिळालेला असतो. म्हणून आठवड्याला दोनच शब्द द्यावेत, पण सुरुवातीच्या आणि शेवटच्या क्रियापदासकट, आणि दोन्हींची वाक्यं मुलाकडूनच करून घ्यावीत. ‘गोची’ही जरूर शिकवावी, फक्त ती मित्रांत चालते, अर्जात नाही, हे त्याच दिवशी सांगून टाकावं.

एक खड्डा हिंदी मालिकांचा. ‘मला आपत्ती नाही’ असं मूल म्हणालं, तर त्याला म्हणायचं असतं ‘माझी हरकत नाही’. मराठीत आपत्ती म्हणजे पूर, भूकंप. ‘दिक्कत’ची गंमत और आहे: मराठीत ती एकटी फारशी फिरकत नाही, ‘बिनदिक्कत’ मात्र बिनदिक्कत वावरतो.