मायची मांडी म्हणजे कार सीट नाही

आमच्या फॅमिली ग्रुपवर परवा परत कार सीटवरचा, म्हणजे गाडीत लेकराला पट्टे लावून बसवायच्या वेगळ्या सीटवरचा, तोच मेसेज आला. "मायच्या मांडीसारखी सीट नाही. कार सीट म्हणजे शहरातल्या लोकांचे चोचले अन् कंपन्यांचा धंदा. आपल्या गावाकडच्या रोडनं गाडी पळते तरी किती? आता तर गाडीत एअरबॅग असते. आम्ही बी असेच मोठे झालो." खाली वीस-पंचवीस हात जोडलेले. पाठवणाऱ्या काकांचा लेकरांवर लय जीव आहे, मला माहीत आहे, पण हा मेसेज वाचून एखाद्यानं सीट घ्यायचा विचार सोडला तर त्याची भरपाई कशानंच होणार नाही, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिले मांडीचं. तीन वर्षांआधी मी, ताई अन् दहा महिन्यांचा भाचा दारव्ह्याहून यवतमाळला चाललो होतो, दिवस मावळत होता, ताई समोरच्या सीटवर अन् भाचा तिच्या मांडीवर. तुरीच्या वावरातून एक रोही, म्हणजे नीलगाय, निघाला अन् सरळ रोडवर. मी ब्रेक मारला. धडक झालीच नाही, नुसता ब्रेक. तरी भाचा ताईच्या हातातून सुटला अन् डॅशबोर्डवर आपटला. ताईनं त्याला दोन्ही हातांनी धरलेलं होतं, इतकं घट्ट की तिच्या बांगड्या फुटल्या, घरी आल्यावर स्वेटर काढताना बाहीत काचेचा तुकडा सापडला. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं, त्यावरच निभावलं.

आता धडक झाली असती तर काय, तो हिशोब मी नंतर मांडला. 50 च्या स्पीडची गाडी धडकून साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली तर 10 किलोचं लेकरू धरून ठेवायला 140 किलोएवढा जोर लागते. सोयाबीनचा एक कट्टा उचलताना गडी माणूस वाकतो, इथं दोन कट्ट्यांच्या वरचा भार, तोही अचानक. कोणत्याच मायच्या हातात तेवढी ताकद नसते, यात तिची माया कमी पडत नाही. अन् मायनं बेल्ट लावला नसेल तर तिचंच वजन लेकरावर येते. दोघांवर मिळून एकच बेल्ट लावला तर तो बेल्ट लेकराच्या पोटात रुतते, ते तर अजूनच वाईट.

"गाडी पळते किती" याचं उत्तर: 40 च्या स्पीडनं आदळणं म्हणजे सहा मीटरवरून, म्हणजे दोन मजली घराच्या गच्चीवरून पडल्यासारखं. अन् आता आपल्या वर्धा, अमरावती, वाशिम, बुलडाण्यातून समृद्धी जाते, तिथं कारला 120 ची परवानगी आहे, आपण त्या रोडनंच शिर्डीला जातो ना?

एअरबॅगवर सगळ्यात जास्त भर देऊन सांगतो कारण इथं चुकीचं समजल्यानं लेकरू दगावू शकते. एअरबॅग मोठ्या माणसासाठी असते, बेल्टच्या जोडीला. ती पापणी लवायच्या आत फुगते. तान्ह्या बाळाची सीट मागं तोंड करून लावतात, ती जर समोर चालू एअरबॅगपुढं ठेवली तर सगळा दणका बाळाच्या डोक्यामागं बसते. त्यामुळं सीट मागच्या बाकावरच. मागं तोंड कशासाठी? लहान बाळाचं डोकं अंगाच्या मानानं जड अन् मान कच्ची, धडकेत झटका मानेवर न येता पूर्ण पाठीवर पसरला पाहिजे. युरोपच्या नव्या नियमातल्या सीटमध्ये 15 महिन्यांच्या आत पुढं तोंड करायची परवानगीच नाही.

कंपन्यांचा धंदा असेल, बियाण्याचा बी आहे, म्हणून पेरणी थांबते का? फक्त सीटवर मान्यतेचं लेबल पहा. रोडवर गळ्यात अडकवायच्या कापडी पट्ट्या विकतात त्या घेऊ नका, अन् जुनी सीट घ्यायची असेल तर ती अपघातातली नाही ना हे विचारून ओळखीच्या माणसाकडूनच घ्या. बेल्टनं लावायच्या बऱ्याच सीटवर बेल्ट ओवायची जागा रंगानं दाखवलेली असते, मागं तोंड असेल तर निळी, पुढं असेल तर लाल. सीटवर गुडघा दाबून बेल्ट ओढायचा, मग बेल्ट जिथून जाते तिथं धरून हलवायची, एका इंचाच्या वर हलली तर ढिली आहे. लेकराच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून पहा, घडी पकडता आली तर अजून ओढा. थंडीत जाड स्वेटर घालून पट्टे लावू नका, स्वेटर दबते अन् पट्टा ढिला पडते, पट्टे लावून वरून दुपट्टा टाका. बोलेरोच्या एकदम मागं बाजूला तोंड करून बसायचे जे आडवे बाक असतात, त्यांच्यावर तर कोणतीच सीट लावायची नाही, लग्नाच्या गाडीत लेकरं तिथंच कोंबतात म्हणून मुद्दाम लिहिलं.

मेसेजखाली एकानं लिहिलं की असा काही कायदाच नाही. आहे. 2019 च्या मोटार वाहन दुरुस्तीत कलम 194 ब आलं, 14 वर्षांच्या आतलं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय नेलं तर 1000 रुपये दंड.

"आम्ही असेच मोठे झालो", तेव्हा गावात कार होती कोणाकडं? बैलबंडी अन् एसटी.

उन्हात सीट तापते म्हणाल तर तो मुद्दा मात्र खरा आहे. मे महिन्यात बकलचं लोखंड चटका देते. गाडी लिंबाखाली लावा, सीटवर पांढरा टॉवेल टाकून ठेवा, बसवायच्या आधी बकलला हाताची मागची बाजू लावून पहा.

अन् रडते म्हणाल तर भाचा बी रडला. टेंगूळ उतरायच्या आधीच भाऊजींनी सीट आणली, दोन दिवस घरात ओसरीवर खाली ठेवली, तो त्यात बसून खुळखुळा वाजवायचा. गाडीत पहिल्या दिवशी वीस मिनिटं रडला, ताईचा जीव खालीवर, म्हणे काढ रे त्याले. मी गाडी बाजूला घेतली, तिनं त्याले पाजलं, परत पट्टे लावले. लाडखेड येईपर्यंत झोपला होता.