“पुरातत्त्व खातं फक्त मुघलांच्या कबरी सांभाळतं” म्हणे! काकांच्या फॉरवर्डला उत्तर

आमच्या फॅमिली ग्रुपवर काकांनी तो मेसेज परत टाकलाय. तुमच्याकडेही आला असेलच, खाली “किमान ११ जणांना पाठवा” लिहिलेला. सार असं की पुरातत्त्व खातं आपल्या पैशात फक्त मुघलांच्या कबरी सांभाळतं, देवळं-लेणी वाऱ्यावर सोडलीत, निजामाच्या काळात तर त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही, देवदर्शनाला तिकीट आणि मशिदीत फुकट, आणि ‘संरक्षित’ म्हणजे सरकारनं दिलेला मान, तो मुख्यमंत्र्यांनी मनावर घेतलं तर उद्या काढता येतो. मी संभाजीनगरचा, पाहुणे आले की वेरूळ-देवगिरी फिरवून आणायचं काम माझ्याच गळ्यात पडतं, म्हटलं ग्रुपवर रोज डोकं लावण्यापेक्षा एकदाच लिहून टाकू.

“फक्त कबरी.” अहो काका, मागच्या मे महिन्यात तुम्हाला कुठं कुठं नेलं होतं? वेरूळची ३४ लेणी, १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन, सगळी याच खात्याकडे. अजिंठा यांच्याकडे. बीबी का मकबऱ्याच्या मागच्या डोंगरात औरंगाबाद लेणी आहेत, बौद्ध, तिकडं तुम्ही चढ बघून “नको रे” म्हणालात, तीही यांच्याकडेच. महाराजांची समाधी असलेला रायगड, शिवनेरी, सिंधुदुर्ग, अंबरनाथचं १०६० सालचं शिवमंदिर, सिन्नरचं गोंदेश्वर. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांपैकी राजगड, प्रतापगड, साल्हेर, खांदेरी हे चार मात्र राज्याच्या पुरातत्त्व विभागाचे, बाकीचे केंद्राच्या खात्याचे. देशभरात केंद्राच्या यादीत ३,६०० च्या वर स्मारकं आहेत आणि त्या सगळ्यांना कायदा एकच, १९५८ चा.

आता तिकीट. हा मुद्दा लोकांना लागतो कारण अनुभव खरा असतो. लेण्याद्रीला जा, तीनशेच्या आसपास पायऱ्या, आणि त्या चढायच्या आधी खिडकीवर माणशी २५ रुपये. आजीला घेऊन गेलो होतो तेव्हा ती तिथंच उखडली, “गणपतीला भेटायला पैसे?” पण ते तिकीट गणपतीचं नाहीये, लेण्यांचं आहे. अष्टविनायकातला गिरिजात्मज जिथं बसलाय ते मुळात बौद्ध विहार आहे, लेणं क्रमांक ७, एवढा मोठा मंडप आणि मध्ये एक खांब नाही, तिन्ही बाजूंना भिक्खूंच्या खोल्या, आणि मागच्या भिंतीत गणपती. सगळा डोंगरच संरक्षित आहे. बरं, मकबऱ्यालाही तेच २५ रुपये, तिथं कुणाचा धर्म विचारत नाहीत. ताजमहालला ५० आणि मुख्य कबरीपाशी जायचं तर वर २०० वेगळे. शुक्रवारी ताज बंद असतो आणि आवारातल्या मशिदीत दुपारच्या नमाजला तिथल्या स्थानिकांना तिकिटाशिवाय सोडतात हे खरंय. पण अंबरनाथलाही रोज पूजा चालते आणि तिथं कुणी तिकीट मागत नाही! ३,६०० पैकी दोनशे ठिकाणीसुद्धा तिकीट नाहीये.

“संरक्षित म्हणजे मान.” नाही हो. कायद्याला वास्तू शंभर वर्षं जुनी आणि महत्त्वाची आहे का एवढंच बघायचं असतं, आत कोण पुरलाय त्याचं कॅरेक्टर सर्टिफिकेट कुणी मागत नाही. खुलताबादला पाहुणे औरंगजेबाची कबर बघून हमखास म्हणतात, “एवढीच?” वर छप्पर नाही, मधे माती, त्यात सब्जाचं रोप, आणि भोवतीची संगमरवरी जाळी तर नंतर निजामाच्या काळात बसवलेली. यादीतून काढायचं म्हणाल तर त्याच १९५८ च्या कायद्याच्या कलम ३५ खाली तो अधिकार केंद्राचा, राज्याचा नाही. २०२४ मध्ये १८ नावं काढायचं ठरलंच होतं की, त्यात झाशीची एका इंग्रज तोफचीची कबर होती, रस्त्यावर अंतर दाखवणारा एक कोस मिनार होता आणि बनारसचे बौद्ध अवशेषही होते. कशासाठी, तर आता त्यांना राष्ट्रीय महत्त्व उरलं नाही म्हणून. आणि यादीत असेपर्यंत धक्का लावला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

निजामाचं म्हणाल तर रझाकारांचं कौतुक कोण करेल, आमच्या घरात आजोबांच्या तोंडून ऐकलेलं आहे सगळं. पण अजिंठ्याची चित्रं सुटायला लागली तेव्हा १९२० च्या सुमाराला खास इटलीहून जाणकार बोलावले ते निजाम सरकारनंच, गुलाम यझदानी तेव्हा त्यांच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख. त्या लोकांनी रंग धरून ठेवायला लाख वापरली आणि पुढं तीच पिवळी पडून चित्रं झाकोळली, ही चूक झालीच. पण ढुंकून बघितलं नाही हे कसं म्हणायचं?

देवगिरीवर मात्र काकांचा राग मला कळतो. चांदमिनारासमोरच्या जुन्या मशिदीत शिरलं की खांब सरळ सांगतात आम्ही देवळातले आहोत म्हणून, ते कुणी नाकारत नाही, खातंही नाही. आणि निजामाचं हैदराबाद संस्थान भारतात आल्यावर तिथंच भारतमातेची मूर्ती बसली, आज लोक चपला काढून आत जातात. देऊळ, मशीद, भारतमाता, तिन्ही एकाच तिकिटात.

खरी बोंब मारायची तर इथं मारा: २०१३ मध्ये सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगनं १,६५५ स्मारकं तपासली तर ९२ जागेवर सापडलीच नाहीत. २०२२ मध्ये संसदेच्या समितीपुढं आलं की सुरक्षारक्षक आहेत फक्त २४८ ठिकाणी.

त्या मोजक्यातला एक अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात होता. आठवतोय ना काका, पद्मपाणीच्या चित्रासमोर तुम्ही फ्लॅश मारला आणि तो अंधारातून ओरडला, तेव्हा तुम्ही बसमध्ये बसेपर्यंत त्याला शिव्या घालत होतात. तो पुरातत्त्व खात्याचाच माणूस होता.