तळटीप खरी, आलेखही खरा. मग 'स्टेट ऑफ फिअर' चुकते कुठे?

हवामानबदलाची भीती फुगवलेली आहे, असं मांडणारी मायकेल क्रायटन यांची ही कादंबरी 2004 साली आली. आजही हवामानबदलावर वाद पेटला की कुणीतरी तिचा दाखला देतंच: "अहो, त्यात आलेख दिलेत, तळटिपा दिल्यात!" दिल्यात, आणि त्या खऱ्या शोधनिबंधांच्याच आहेत. म्हणूनच ती पेन्सिल हातात घेऊन वाचायला हवी. गफलत आहे ती निवडीत.

कथानक वेगवान आहे. पर्यावरणाच्या नावाखाली काम करणारी टोळी जगाला घाबरवायला स्वतःच आपत्ती घडवायला निघते: अंटार्क्टिकात हिमकडा तोडायचा, त्सुनामी उठवायची. मधूनमधून केनर हे पात्र आकडे फेकतं आणि समोरचा निरुत्तर होतो. तो निरुत्तर होतो, कारण लेखकाने त्याच्या तोंडी उत्तर घातलेलंच नाही.

एक उदाहरण खोलात बघू. नासाचे हवामानशास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांचा तापमानवाढीचा 1988 चा अंदाज 300 टक्क्यांनी चुकला, असं केनर सांगतो. मूळ शोधनिबंध काढा. त्यात रेषा तीन आहेत, म्हणजे भविष्याच्या तीन शक्यता: ए, बी आणि सी. ए मध्ये हरितगृह वायूंची वाढ चक्रवाढीने होते आणि पुढे मोठा ज्वालामुखी (ज्याच्या उद्रेकाने पृथ्वी काही काळ थंडावते) धरलेला नाही. बी मध्ये वाढ मंद आहे आणि 1995 साली एक उद्रेक धरलाय. सी मध्ये वायूंची वाढ 2000 पर्यंत थांबते. यातली बी सर्वांत संभवनीय, असं त्याच निबंधात लिहिलंय. प्रत्यक्षात 1991 मध्ये पिनाटुबो ज्वालामुखी फुटला आणि तापमान बी च्या जवळपास, थोडं खालीच राहिलं. खाली राहण्याचं एक कारण सरळ आहे: त्या मॉडेलमध्ये कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला की 4.2 अंश वाढ होते, आजचा अंदाज 3 च्या आसपास आहे. ही चूक दाखवायलाच हवी. पण 300 टक्के येतात ते बी आणि सी बाजूला सारून फक्त ए धरल्यावर.

दुसरी युक्ती तापमान मोजणाऱ्या सुट्या ठाण्यांची. एखाद्या गावाचा आलेख थंडावताना दिसतो, तोही खरा. पण ठाणं हललं, निरीक्षणाची वेळ बदलली, भोवती इमारती उठल्या, की रेषा वर-खाली होते. अशा वेळी नासाच्या गिस संस्थेच्या संकेतस्थळावर जाऊन तेच ठाणं उघडा, पूर्ण नोंद काढा, शेजारची चार-पाच ग्रामीण ठाणी त्याच काळासाठी लावून बघा. आणि मूळ तापमान बघू नका, सरासरीपासूनचा फरक बघा. डोंगरावरचं आणि दरीतलं तापमान वेगळं असतं, पण एखादं वर्ष उष्ण गेलं की सहसा दोन्हीकडे उष्णच जातं. शहरांची उष्णता हा कादंबरीतला मुद्दा रास्त आहे, पण गिस शहरी ठाण्यांचा कल ग्रामीण शेजाऱ्यांशी जुळवून घेते. शिवाय पृथ्वीचा सुमारे 70 टक्के भाग समुद्र आहे आणि तोही तापतोय. तिथे कुठलं शहर?

1940 ते 1970 मध्ये कार्बन वाढूनही तापमान का चढलं नाही, हा प्रश्न मात्र चांगला आहे. कोळसा आणि तेल जाळून हवेत गेलेले सल्फेटचे कण सूर्यप्रकाश परतवत होते. डीडीटी या कीटकनाशकावरच्या बंदीमुळे मलेरियाने लाखो माणसं मेली, हा कादंबरीतला दावा तर अगदीच अर्धवट: अमेरिकेने 1972 मध्ये शेतीतला वापर थांबवला, पण 2001 च्या स्टॉकहोम करारातही मलेरियाच्या डासांविरुद्धच्या वापराला मुभा आहे.

आता सर्वांत दुर्लक्षित पानं. कथा संपल्यावर लेखकाचं निवेदन आहे. त्यात क्रायटन स्वतःच्या नावाने मान्य करतात की हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतोय आणि त्याचं संभाव्य कारण मानवी व्यवहार आहे. केनरच्या तोंडचे आकडे दाखल्याला देणाऱ्यांनी हे निवेदन आधी वाचावं आणि मग पहिल्या प्रकरणाकडे वळावं.