उष्टी 'की' आम्ही विकत नाही, सर

नमस्कार सर,

तुम्हाला झालेल्या मनस्तापाबद्दल आधी दिलगिरी व्यक्त करतो. रविवारी रात्री फोन उचलला गेला नाही, त्याबद्दलही. 10 वाजून 52 मिनिटांनी आलेला मिस्ड कॉल मी सकाळी पाहिला. रविवारी दुकान बंद असतं, पण तुम्ही जुने गिऱ्हाईक, तेव्हा ते कारण सांगत नाही.

आमच्या दुकानाबद्दल तुम्ही ऑनलाइन टाकलेल्या अभिप्रायात तीन तक्रारी आहेत. घरच्या तिन्ही कॉम्प्युटरवर बसेल असं सांगून मायक्रोसॉफ्ट ऑफिस, म्हणजे वर्ड वगैरे असलेलं सॉफ्टवेअर, दिलं आणि ते एकावरच चाललं, ही पहिली. हेच ऑनलाइन पाचशे रुपयांत मिळतं, ही दुसरी. आणि तिसरी तुमच्याच शब्दांत, "सीलबंद म्हणून आधीच वापरलेली उष्टी की गळ्यात मारली." की म्हणजे ते ऑफिस चालू करायला टाकावा लागणारा नंबर.

पहिल्या दोन्हींकडे येतो. पण ही तिसरी ओळ वाचली आणि सोमवारी दुपारचा डबा तसाच राहिला. 2006 पासून साताऱ्यात कॉम्प्युटरचं दुकान चालवतोय. मशीन उशिरा दिलं, प्रिंटर परत बिघडला, बिल जास्त लावलं, असं लोक बोलले आहेत आणि काही वेळा बरोबरही बोलले आहेत. वापरलेला माल नवा म्हणून दिला, असं मात्र आजवर कोणी म्हटलं नव्हतं. शाळा सुरू व्हायच्या दिवसांत लोक आधी मोबाइलवर दुकानाचे स्टार बघतात आणि मग पायरी चढतात. म्हणून जे झालं ते सगळं लिहितो, जरा लांबेल.

बिल शनिवारी संध्याकाळी 7 वाजून 12 मिनिटांनी झालं. मी आत एका लॅपटॉपचं बिजागर बसवत होतो, काउंटरवर आमच्या सौ. होत्या. त्यांनी डबा तुमच्या हातात दिला. तुम्ही तो उलटसुलट केलात, प्लॅस्टिकवर नख फिरवून बघितलंत आणि हलवून म्हणालात, "आत काही आहे का नाही?" सौ. म्हणाल्या, आता सीडी येत नाही, आत नुसतं कार्ड असतं, त्यावर 25 अक्षरांची की. फोडून दाखवू का, असंही त्यांनी विचारलं. तुम्ही म्हणालात, राहू द्या, घरी मुलगा फोडेल. म्हणजे सील तुमच्या घरी फुटलं, सर.

ती की टाकताना आधी ईमेल आयडीने मायक्रोसॉफ्टच्या खात्यात शिरावं लागतं. की एकदा टाकली की ते ऑफिस त्या खात्याच्या नावावर चढतं, सातबाऱ्यावर नाव चढावं तसं. त्यानंतर त्या कार्डाचं काम संपलं. तीच 25 अक्षरं दुसरीकडे कुठेही टाकली, तर ही की आधीच वापरलेली आहे असा संदेश येतो. तो संदेश खरा असतो. मात्र की कोणी वापरली, ते तो सांगत नाही.

तुमच्या चिरंजीवांनी शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर स्वतःच्या लॅपटॉपवर, स्वतःच्या आयडीने ती की टाकली. मुलाने चुकीचं काहीच केलं नाही. रविवारी तुम्ही हॉलमधल्या डेस्कटॉपवर तेच कार्ड घेऊन बसलात आणि लाल अक्षरात तो संदेश आला. त्याचा फोटो तुम्ही मला पाठवलात, तो अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे.

सोमवारी तुम्ही स्कूटरवर पुढे सीपीयू ठेवून आलात. पावसाचं त्यावर पोतं टाकलं होतंत. मी म्हटलं, मुलाचा लॅपटॉपही मागवा. तासाभराने चिरंजीव घेऊन आले. वर्ड उघडून फाइल आणि मग अकाउंट दाबलं. तिथे प्रॉडक्ट अ‍ॅक्टिव्हेटेड असं लिहिलेलं होतं आणि खाली चिरंजीवांचाच ईमेल होता. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून दोनदा वाचलंत. त्यावर तुम्ही काहीच बोलला नाहीत, मीही बोललो नाही. मला वाटलं विषय मिटला. दुपारी अभिप्राय आला, त्यात "उष्टी की". लॅपटॉपवर स्वतःच्या डोळ्यांनी बघून गेल्यावर हे लिहिलंत, सर, म्हणून जास्त जिव्हारी लागलं.

आता पहिल्या तक्रारीचं. तुम्हाला तीन कॉम्प्युटर का वाटले, ते मला ठाऊक आहे, आणि त्यात तुमची चूक नाही. 2011 साली तुम्ही आमच्याकडूनच ऑफिस 2010 होम अँड स्टुडंट नेलं होतंत. त्या एका कीवर घरातले 3 कॉम्प्युटर चालायचे, डब्यावर तसं छापलेलं असायचं. मीच घरी येऊन तिन्ही बसवून दिले होते, काकूंनी थालीपीठ खाऊ घातलं होतं. पण 2013 च्या ऑफिसपासून कंपनीने एकदाच पैसे भरायच्या डब्यावर एकच कॉम्प्युटर ठेवला. तुम्ही नेलेल्या ऑफिस होम 2024 च्या डब्यावरही तेच छापलेलं आहे. अक्षर बारीक आहे, मान्य. तो नियम साताऱ्यातला दुकानदार बदलू शकत नाही.

तिन्हीवर चालणारं ऑफिसही आहे आणि ते सौं.नी तुम्हाला आधी सांगितलं होतं. मायक्रोसॉफ्ट 365 मधलं पर्सनल घेतलं तर एका माणसाला एका वेळी 5 मशीनवर चालतं, फॅमिली घेतलं तर घरातल्या 6 जणांपर्यंत. पण त्याचे पैसे दरवर्षी भरायचे. तुम्ही म्हणालात, "दूधवाल्यासारखा रतीब नको, एकदाच काय ते घ्या." तेही बरोबरच आहे, पेन्शनीत दरवर्षीचा खर्च कोण लावून घेईल? पण रतीब नको म्हटल्यावर एकच कॉम्प्युटर उरतो, हे त्या वेळी कोणीतरी तोंडाने स्पष्ट सांगायला हवं होतं.

इथे आमचं चुकलं. तुम्ही "तीन आहेत घरी, होईल ना?" असं विचारलंत, तेव्हा आमचा काउंटरवरचा पोरगा मधेच "हुतंय की साहेब" म्हणून गेला. त्याला लागून दोन महिने झालेत. त्याला वाटलं तुम्ही वायफायबद्दल विचारताय. निदान तो तसं म्हणतो. मी त्याला बोललो आहे. यापुढे ऑफिस किंवा अँटिव्हायरस विकताना किती मशीनवर चालणार ते बिलावरच लिहून देण्याचा विचार आहे. अँटिव्हायरसच्या डब्यावरचं "वन युजर" वाचून वापरणारा मी एकटाच, मग चारही मशीनवर बसवा, असं म्हणणारे आठवड्याला एकदोन येतातच. युजर म्हणजे माणूस नाही, मशीन, हे समजावताना माझाच घसा बसतो. तर ते लिहून देण्याचं करू काहीतरी.

पाचशे रुपयांचं थोडक्यात सांगतो. तसल्या कीज मिळतात. त्यात कंपन्यांना आणि संस्थांना घाऊक दिलेल्या लायसन्समधून फोडून विकलेल्या बऱ्याच असतात. आज चालते, सहा महिन्यांनी बंद पडली की विकणाऱ्याचा पत्ता नसतो. खरी उष्टी की तीच. आमच्याकडेही त्या मागणारे येतात, आम्ही देत नाही. तुमच्या डब्यावर छापलेल्या किमतीपेक्षा 400 रुपये कमी घेतले, ते बिलावर आहे. एवढ्या मोठ्या वस्तूत आम्हाला सुटतात दोनअडीचशे. हे सांगायची गरज नव्हती, पण "लूट" हा शब्द तुम्ही वापरलात म्हणून सांगितलं.

डबा परत घ्या म्हणालात. खात्यावर चढलेली की पुण्याचा सप्लायर परत घेत नाही, आणि मी घेतली तर ती पुढे कोणाला विकू? तेव्हा मात्र खरोखरच उष्टी की विकल्यासारखं होईल.

यातून एवढं करता येईल. ते ऑफिस चिरंजीवांच्या लॅपटॉपऐवजी हॉलमधल्या डेस्कटॉपवर हवं असेल तर हलवता येतं. फक्त खातं चिरंजीवांचंच राहील, आणि एकदा हलवलं की मशीन बिघडल्याशिवाय पुढचे 90 दिवस परत हलवता येणार नाही. म्हणून आधी घरात बसून ठरवा कोणाला जास्त लागतं. वरच्या खोलीतल्या जुन्या मशीनवर विंडोज 7 आहे. ऑफिस 2024 ला विंडोज 10 किंवा 11 लागतं, त्यामुळे तीन कॉम्प्युटरची की असती तरी तिथे ते बसलंच नसतं. त्या मशीनवर लिब्रेऑफिस या ऑफिससारख्याच सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती टाकून देतो. ते फुकट आहे, त्याला की नाही, मर्यादा नाही, मराठी टायपिंग व्यवस्थित होतं. काकूंच्या भिशीचा हिशोब त्यात आरामात बसेल. ज्या मशीनवर ऑफिस नसेल त्यावरही तेच टाकू. या कामाचे पैसे घेणार नाही, घरी येण्याचेही नाही.

फोनचं म्हणाल तर रविवारी रात्री 9 पर्यंत उचलायचा प्रयत्न करेन.

स्टार बदला असं म्हणणार नाही, तो तुमचा अधिकार आहे. फक्त "उष्टी" हा एक शब्द जमल्यास काढा. आमच्या सौं.नी तो वाचला, आणि शनिवारी डबा त्यांच्याच हातून दिला गेला होता.

सोमवारी सकाळी 11 नंतर किंवा गुरुवारी केव्हाही येऊ शकतो, तुम्हाला कधी सोयीचं ते फोनवर सांगा. चिरंजीवांना त्यांचा पासवर्ड तेवढा कागदावर लिहून ठेवायला सांगा. मागच्या खेपेस तो आठवण्यात आपला पाऊण तास गेला होता.

आपला,
दुकानाचा मालक