पान हिरवं दिसतंय म्हणजे झाड बरं आहे असं नाही

सकाळी घरच्या ग्रुपवर भाच्याचा फोटो पाहिला आणि हातातला चहा तसाच राहिला. परवाच आलाय पोरगा इटलीहून. सुटकेसमध्ये ओल्या रुमालात गुंडाळून रोझमेरी या सुगंधी झुडपाच्या सहा काड्या आणल्यात, मुळं फुटलेल्या, मातीसकट. खाली लिहिलंय, "एअरपोर्टवर कोणी विचारलंसुद्धा नाही." त्यावर सगळ्यांच्या टाळ्या. माझी सख्खी बहीण म्हणते, "बरोड्याच्या घरी पण एक लाव रे."

दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराचं परस ज्यांनी पाहिलंय, त्यांना आईचं लिंबाचं झाड आठवत असेल. अर्ध्या गल्लीचं लोणचं त्या झाडावर व्हायचं. एका पावसाळ्यात मी एका नर्सरीतून संत्र्याचं कलम आणलं आणि मोठ्या हौसेनं त्याच्या शेजारी लावलं. काय तजेला होता त्या कलमाला! वर्ष उलटलं तसा लिंबाच्या खोडातून डिंक गळायला लागला. साल तडकली, पानं पिवळी पडून झडली. शेतकी खात्यातून निवृत्त झालेले शेजारचे काका आले, सुरीनं बुंध्याची साल खरवडली आणि आतला तपकिरी पट्टा मला दाखवला. "डिंक्या आहे बेटा. फायटोफ्थोरा. कलमाच्या मातीतून आला असणार." मी म्हटलं, पण काका, कलम तर ठणठणीत होतं! ते म्हणाले, "नर्सरीत औषध मारत राहतात. त्यानं रोग मरत नाही, दबतो. औषध बंद झालं की वर येतो."

कलमातूनच आला याचा पुरावा काय, असं कोणी विचारेल. नाही माझ्याकडे. झाड गेलं एवढं माहीत आहे.

फायटोफ्थोरा म्हणजे माती-पाण्यातून पसरणारा, बुरशीसारखा रोगजंतू. नावाचा ग्रीकमधला अर्थच झाडांचा संहार करणारा. 1845 मध्ये आयर्लंडचा बटाटा सडवून माणसं उपाशी मारली ती याच कुळातल्या एका जातीनं. दुसऱ्या एका जातीनं कॅलिफोर्नियातले ओक मारले, आणि ती फिरली कशातून? नर्सरीतल्या ऱ्होडोडेंड्रॉन आणि कॅमेलियाच्या कुंड्यांतून. लोकांनी शोभेसाठी पैसे मोजून विकत घेतलेल्या झाडांतून!

आणि भाचा जिथून आलाय त्या इटलीत काय झालं? 2013 मध्ये दक्षिणेकडच्या पुलियात ऑलिव्हची झाडं वाळताना झायलेला नावाचा जिवाणू सापडला. कोस्टारिकाहून आलेल्या कॉफीच्या रोपांतून तो आला असावा असं शास्त्रज्ञ मानतात. तो झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्याच बुजवतो. मुळाशी पाणी असून झाड तहानेनं मरतं. शेकडो वर्षांची, पणजोबांच्या पणजोबांनी लावलेली झाडं गेली, लाखोंच्या संख्येनं. एका झाडावरून दुसऱ्यावर रस शोषणारा एक कीडा त्याला नेतो. हा जिवाणू रोझमेरीत राहतो आणि कण्हेरीतही. आपण शंकराला वाहतो ती कण्हेर. कित्येक महिने रोप वरून छान दिसत राहतं.

त्या सहा काड्यांत तो असेलच असं मी म्हणत नाही. पण नुसतं बघून कळणार कसं?

माझा सगळा राग या 'बघून' वर आहे. आपल्याकडे 2003 चा प्लांट क्वारंटाइनचा, म्हणजे बाहेरून येणाऱ्या रोपांबरोबर रोग येऊ नये यासाठीचा, आदेश आहे. परवाना लागतो, पाठवणाऱ्या देशाचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. पण जगभर व्यापार एवढा वाढलाय की कंटेनरभर रोपांतली थोडीच काढून तपासता येतात, तीही बहुतेक डोळ्यांनी. मूळ कुंडीत, रोग मुळात, आणि आपण पानाकडे बघतोय! नर्सरीतून वाहून जाणारं पाणी तपासा ना. त्यात ऱ्होडोडेंड्रॉनची पानं किंवा पेअरची फळं तरंगत ठेवली की फायटोफ्थोरा त्यांना येऊन चिकटतो, डाग पडतात. साधं गळाला मासा लावण्यासारखं. लॅम्प नावाची चाचणी तासाभरात, एकाच तापमानावर, रोगजंतूचा डीएनए पकडते. रोप विमानात चढायच्या आधी, जिथे वाढलं तिथेच हे व्हायला हवं. इथे बंदरावर पोचल्यावर नव्हे.

हो, मिरची, बटाटा, टोमॅटो सगळं बाहेरूनच आलं. मान्य. म्हणून सुटकेस उघडी टाकायची का?

दुपारी भाच्याला फोन केला. ओरडणार होते. तो म्हणाला, "मावशी, आजीच्या लिंबाच्या जागी लावायला आणल्या गं." मग ओरडता आलं नाही. लहानपणी तोच त्या झाडावर चढून आजीच्या पदरात लिंबं टाकायचा. त्याला डिंक्या कुठून माहीत असणार, मी तरी कधी सांगितला त्याला? आज सगळं सांगितलं, काकांची सुरीसुद्धा. बराच वेळ गप्प होता.

काड्या अजून मातीत गेलेल्या नाहीत. उद्या सकाळी रुमालासकट, मातीसकट जाळायच्या ठरल्यात. ताई, ग्रुपवर परत काही लिहायच्या आधी तू पण ये.